ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसरातील भूमिगत वाहिन्या : स्थाननिश्चितीचा प्रश्न

खोदकामामुळे भूमिगत वाहिन्यांना पोहोचणारी इजा हा केवळ यंत्रविद्येचा प्रश्न होय, असे सामान्यतः समजले जाते. ठाणे परिसराचा इतिहास पाहता तो मुख्यतः दप्तराचा, म्हणजे नोंद कोणी ठेवावी व कोणास दाखवावी याचा, प्रश्न असल्याचे दिसून येते.

१८९२ मध्ये तानसा धरण पूर्ण होऊन त्याचे पाणी ठाणे जिल्ह्यातून मुंबईस जाऊ लागले. त्या लोखंडी वाहिन्या बऱ्याच भागात जमिनीवरूनच गेल्या असल्यामुळे त्यांचे स्थान कोणास विचारावे लागत नसे. पुढे वस्ती वाढली व धनीही वाढले. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये, ठाणे महानगरपालिका १९८२ मध्ये व कल्याण-डोंबिवली महानगरपालिका १९८३ मध्ये स्थापन झाली. १९९५ मध्ये स्थापन झालेल्या महानगर गॅस कंपनीच्या नळ्याही कालांतराने या शहरांत आल्या. अशा रीतीने शहराच्या भूमीखाली पाणी, वायू, वीज व दूरसंचार यांच्या वाहिन्या आल्या. परंतु प्रत्येकीचा नकाशा निरनिराळ्या कचेरीत राहिला.

शोधक यंत्रांच्या मर्यादाही ध्यानात घेतल्या पाहिजेत. विद्युत्चुंबकीय शोधक लोखंडी नळ व तारा ओळखतो; परंतु पॉलिएथिलीनच्या वायुनळीसोबत धातूची तार पुरलेली नसेल, तर त्यास काहीच आढळत नाही. भूवेधी रडारला अशी नळीही दिसू शकते. मात्र खाडीकाठच्या ओल्या, चिकण व खारट मातीत त्याच्या लहरी अल्प खोलीवरच शोषल्या जातात.

या दृष्टीने ठाण्याच्या किसननगर भागातील घटना विशेष बोधप्रद आहे. भांडुप संकुलास पाणी नेणाऱ्या ५,५०० मिलिमीटर व्यासाच्या जलबोगद्यास तेथे कूपनलिकेच्या खोदकामामुळे छिद्र पडले. त्याच्या दुरुस्तीसाठी मुंबईत ३१ मार्च २०२३ पासून ३० दिवसांकरिता १५ टक्के पाणीकपात जाहीर करावी लागली. खडकात खोलवर असलेला असा बोगदा रस्त्यावरून फिरविलेल्या शोधकास सापडणे शक्य नव्हते. त्याचा ठाव सांगणारे साधन एकच : नकाशा, आणि तोही कूपनलिका खोदण्यापूर्वी पाहिलेला.

ही कपात सुरू होण्यापूर्वी नऊच दिवस, २२ मार्च २०२३ रोजी, केंद्र शासनाने ‘कॉल बिफोर यू डिग’ हे मोबाइल ॲप सुरू केले. खोदणाऱ्याने नियोजित जागा आधी कळवावी व तेथील वाहिन्यांच्या धन्यांस सूचना मिळावी, अशी त्याची योजना आहे. प्रश्न योग्य ठिकाणी पोहोचविण्याची सोय यामुळे झाली, हे निःसंशय. तथापि उत्तराची विश्वसनीयता धन्याच्या दप्तराहून अधिक असू शकत नाही.

म्हणून चर उघडा असतानाच, तो बुजविण्यापूर्वी, नळीचे अक्षांश, रेखांश व खोली मोजून नोंदविणे, ही नोंद सर्व धन्यांना सामाईक करणे आणि कूपनलिकेची परवानगी तिच्याशी पडताळूनच देणे अगत्याचे आहे. तानसाच्या काळी जे काम डोळ्यांनी होत असे, ते आता दप्तराने करावयाचे आहे.