पत्री आणि पडदा

‘दहशतवादी’ हा शब्द कानी पडला की सातारा-सांगलीच्या माणसाने जरा थांबले पाहिजे, असे आम्हांला वाटते. हा शिक्का एकेकाळी आपल्याच घरांवर बसला होता. १९४३ ते १९४६ या काळात या मुलखात नाना पाटलांचे प्रतिसरकार चालले. सांगली जिल्हा तेव्हा वेगळा झालेला नव्हता. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ त्यांच्या माणसांनी पगाराची रक्कम नेणारी आगगाडी लुटली. इंग्रजांच्या दप्तरी हे गुन्हेगारच.

लोकांच्या तोंडी ‘प्रति’ची ‘पत्री’ झाली, आणि पत्रीमागोमाग गोष्ट आली : हे लोक खबऱ्यांच्या पायांना बैलासारख्या पत्र्या ठोकतात! तळव्यांवर काठ्या मारण्याची शिक्षा होती, ती क्रूर होती. तिच्यावर आम्ही पांघरूण घालणार नाही. परंतु लोखंडी पत्र्या ठोकल्याचा पुष्कळ कार्यकर्त्यांनी पुढे इन्कार केला. गोष्ट मात्र अजून जिवंत आहे.

तरी त्या काळी तिला उतारा होता. शाहीर शंकरराव निकम पोवाडा म्हणत, तेव्हा समोर बसलेल्याला त्यातला माणूस ठाऊक असे. तो कोणाचा चुलता, कोणाचा मेहुणा. दूरचित्रवाणीपुढे बसलेल्याला ही सोय नाही. मालिकेतला माणूस तोंड उघडण्यापूर्वीच सुरमा, टोपी आणि मागचे वाद्य त्याचा निकाल लावून मोकळे होतात. दोष यंत्राचा नव्हे. १९८८ साली याच पडद्यावर गोविंद निहलानींच्या ‘तमस’ने दंगल मुद्दाम कशी पेटवली जाते हे दाखवले होते. सप्टेंबर २००६ च्या मालेगाव स्फोटांत नऊ मुसलमान तरुण धरले गेले. २०१६ साली मुंबईच्या विशेष न्यायालयाने त्यांतल्या आठांना दोषमुक्त केले. नववा तोवर वारला होता. अशा दहा वर्षांवर मालिका काढावी असे किती जणांना वाटेल?

आमच्या युनियनमधील एका मुसलमान यंत्रमाग कामगारासाठी आम्ही खोली पाहावयास गेलो होतो. नाव ऐकताच मालक म्हणाले, “तुमचं खरं हो, पण टीव्हीवर बघतोच की आपण.” त्यांच्या भिंतीवर नाना पाटलांची तसबीर होती. आम्ही तिच्याकडे बोट दाखवले. ते नुसते हसले, चहा मात्र आग्रहाने पाजला. तो कामगार अजून पहाटेच्या एस. टी. ने ये-जा करतो.