पुनरागमनाचा पाठभेद : रेडिओ-नियंत्रित मोटारींच्या शर्यतींविषयी

२००४ साली शिझुओका येथील तामिया या जपानी कंपनीने 'हॉर्नेट' नावाची आपली एक जुनी रेडिओ-नियंत्रित मोटार पुन्हा बाजारात आणली. मूळ हॉर्नेट १९८४ ची. पाठोपाठ 'ग्रासहॉपर' आणि 'फ्रॉग' आल्या. २००७ मध्ये 'हॉटशॉट', २०१० मध्ये 'सँड स्कॉर्चर', २०११ मध्ये 'अवांते'. २०१३ साली कॅलिफोर्नियातील असोसिएटेड इलेक्ट्रिक्सने आपली सोनेरी 'आरसी १०' पुन्हा काढली. क्योशोने २०१४ मध्ये 'स्कॉर्पियन' आणि २०१६ मध्ये 'ऑप्टिमा' आणली. दहा-बारा वर्षांच्या अवधीत एखाद्या भाषेतील बहुतेक अभिजात ग्रंथांची पुनर्मुद्रणे निघावीत, असा हा प्रकार होता. या मोटारी घेणारे बहुतांशी कोण, हे सांगायला बाजारपेठेच्या पाहणीची गरज नाही. १९८४ मध्ये बारा-चौदा वर्षांचा असलेला मुलगा २००४ मध्ये तिशी ओलांडून गेला होता. त्याच्या हाती मिळकत होती आणि अधूनमधून मोकळी संध्याकाळही होती.

साहित्याच्या अभ्यासकाने खेळण्यातल्या मोटारींकडे का पाहावे, असा प्रश्न कुणी विचारील. त्याचे एक कारण शब्दात आहे. 'नॉस्टॅल्जिया' हा शब्द १६८८ साली योहान्नेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने बाझेल येथील आपल्या प्रबंधात घडवला. घरी परतणे आणि वेदना या अर्थांचे दोन ग्रीक शब्द त्याने जोडले, आणि त्याच्या लेखी तो एक आजार होता. मराठीत आपण त्यासाठी 'स्मरणरंजन' म्हणतो. मुळातली वेदना गळून तिच्या जागी रंजन आले, हे भाषांतर म्हणून सदोष असले तरी निदान म्हणून मोठे मार्मिक आहे. 'गतकातरता' हा दुसरा पर्याय होफरला अधिक जवळचा. चाळिशीनंतर मोटारींच्या शर्यतीकडे परतणारा माणूस या दोन शब्दांपैकी कोणत्या शब्दात बसतो, हे पाहण्यासाठी त्या खेळाचा थोडा इतिहास जाणून घ्यावा लागतो.

तारेवाचून दूरची वस्तू चालवण्याची कल्पना निकोला टेस्लाची. १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्याने एक छोटी नौका रेडिओलहरींनी चालवून दाखवली. मोटारींकडे हे तंत्र यायला जवळजवळ सत्तर वर्षे लागली. इटलीतील रेज्जो एमिलिया येथील एल्-जी या कंपनीची १९६६ मधील फेरारी ही बाजारात आलेल्या पहिल्या रेडिओ-नियंत्रित मोटारींपैकी एक मानली जाते. सत्तरच्या दशकाच्या आरंभी शर्यती होत त्या मुख्यतः छोट्या इंधन-इंजिनांच्या मोटारींच्या. त्यांचा आवाज, धूर आणि किंमत पाहता तो प्रौढांचा छंद होता.

या छंदाला घराघरांत नेले ते तामियाने, आणि तेही जवळजवळ अनवधानाने. योशिओ तामिया यांनी १९४६ साली लाकडाचा व्यवसाय म्हणून ही कंपनी सुरू केली होती. लाकडी प्रतिकृती आणि मग प्लास्टिकच्या प्रतिकृती असा तिचा प्रवास झाला. शुन्साकु तामिया हे त्यांचे पुत्र. पोर्शे ९३४ ची एक-बारांश प्रतिकृती अचूक व्हावी म्हणून त्यांनी खरी पोर्शे ९११ विकत घेऊन ती खोलून पाहिली, ही कथा प्रतिकृतीकारांत आजही सांगितली जाते. इतका खर्च नुसत्या शोभेच्या प्रतिकृतीतून वसूल होणे कठीण होते. त्याच साच्यांतून १९७६ च्या अखेरीस बॅटरीवर चालणारी, रेडिओने नियंत्रित होणारी पोर्शे निघाली. खर्चाच्या चिंतेतून एक शाखा फुटावी आणि तिनेच वृक्षाला झाकून टाकावे, असे ग्रंथव्यवहारातही घडलेले आपण पाहतो.

१९७९ मध्ये 'रफ रायडर' आणि 'सँड स्कॉर्चर' आल्या आणि मोटार रस्ता सोडून मातीत उतरली. सँड स्कॉर्चरला फोक्सवॅगन बीटलचे कवच होते, पुढच्या बाजूला धातूचे बाहू होते आणि रेडिओचा भाग पाणी व वाळू शिरू नये म्हणून बंद डबीत बसवलेला होता. आजही ती हातात घेतली तर खेळण्यापेक्षा यंत्रच हाताळल्याचा भास होतो. पुढे १९८४ हे वर्ष आले. त्या एकाच वर्षात ग्रासहॉपर, हॉर्नेट आणि आरसी १० या तीन मोटारी निघाल्या, आणि खेळाचे दोन प्रवाह त्यांत स्पष्ट दिसतात. हॉर्नेट साध्या प्लास्टिकच्या सांगाड्याची होती. खडबडीत जमिनीवर ती धावण्याऐवजी उड्या मारीत जाई, आणि मुलांना ती प्रिय होती ती बहुधा यामुळेच. रॉजर कर्टिस यांनी आखलेल्या आरसी १० चा अॅल्युमिनियमचा सोनेरी सांगाडा, तेल भरलेले लांब धक्काशोषक आणि चारही चाकांचे स्वतंत्र बाहू शर्यत जिंकण्याखेरीज दुसऱ्या कशासाठी नव्हते. १९८५ साली कॅलिफोर्नियातील डेल मार येथे मातीवरच्या विद्युत मोटारींची पहिली जागतिक स्पर्धा झाली, तेव्हा दोन चाकांना गती असणाऱ्या मोटारींच्या गटात जे हॅल्सी याने आरसी १० वरच विजेतेपद मिळवले. दोन वर्षांनी इंग्लंडमधील रॉम्सी येथे चारचाकी गतीच्या गटात मासामी हिरोसाका हा सतरा वर्षांचा जपानी मुलगा जिंकला. पुढे त्याच्या नावावर चौदा जागतिक विजेतेपदे जमा झाली.

त्या काळच्या शर्यतीचे तंत्र जरा तपशिलात पाहायला हवे, कारण परतणारा माणूस हरवतो तो इथे. अमेरिकेत २७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात सहा वाहिन्या असत आणि त्यांना रंग दिलेले होते : तपकिरी, लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा. प्रेषक आणि ग्राहक यांत एकाच वाहिनीचे स्फटिक बसवायचे आणि अँटेनाला त्या रंगाची चिंधी लावायची. दोघांनी एकाच वाहिनीवर प्रेषक सुरू केला तर दोघांच्याही मोटारी भलतीकडे जात. म्हणून मैदानावर एक फळी असे आणि तिच्यावर प्रत्येक वाहिनीची एक खूणचिमटी. चिमटी आपल्याकडे असल्याशिवाय प्रेषकाची कळ दाबायची नाही, हा नियम. कुणी पंच उभा नसतानाही तो पाळला जाई, कारण नियम मोडणाऱ्याचे आणि दुसऱ्याचे नुकसान एकाच क्षणी होत असे. लहान मुलांना परस्परावलंबन शिकवणारी याहून स्पष्ट यंत्रणा प्रस्तुत लेखकाला माहीत नाही. २००० च्या दशकात २.४ गिगाहर्ट्झचे सांकेतिक प्रक्षेपण आले. प्रेषक आणि ग्राहक एकमेकांना ओळखू लागले, स्फटिक गेले, चिंध्या गेल्या आणि फळीही गेली. आता शेजारी कोण उभा आहे याची चौकशी न करता कळ दाबता येते.

बॅटरीचेही तसेच. निकेल-कॅडमियमचे सहा घट, ७.२ व्होल्ट, १२०० मिलिअँपिअर-तास, एवढी शिदोरी असे. मोटारगाडीच्या बॅटरीवरून पंधरा मिनिटांत ती भरायची आणि चार-पाच मिनिटांच्या शर्यतीत पुरवून वापरायची. दात्यांचे गुणोत्तर थोडे अधिक वेगाचे निवडले तर मोटार पुढे जाई, पण शेवटच्या फेरीत धापा टाकीत थांबे. वेगवान असणे आणि शेवटपर्यंत पोचणे यांचा हिशेब हा शर्यतीचा अर्धा भाग होता. लिथियम-पॉलिमर बॅटरीने तो मिटवला. आजच्या बॅटरीत पाच मिनिटांच्या शर्यतीनंतरही भरपूर शक्ती शिल्लक राहते. ब्रशविरहित मोटर आल्यापासून दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात छोट्या लेथवर कम्युटेटर तासत बसणारी माणसेही दिसेनाशी झाली. २०१० च्या दशकात गालिचा आणि कृत्रिम हिरवळ यांच्यावरच्या धावपट्ट्या वाढल्या. तिथे पकड इतकी चांगली मिळते की मागच्या आसापलीकडे असलेली मोटर आता मोटारीच्या मध्याकडे आली आहे. म्हणजे जुन्या खेळाडूने मोठ्या कष्टाने कमावलेले ज्ञान, काटकसरीचे, तासणीचे आणि निसरड्या मातीवर शेपूट सावरण्याचे, बव्हंशी निरुपयोगी ठरते.

एक गोष्ट मात्र बदललेली नाही. चालक उंच मंचावर एका जागी उभा असतो आणि मोटार दूर धावते. ती त्याच्यापासून लांब जात असते तोवर डावे ते डावे. वळून त्याच्या दिशेने येऊ लागली की डावे उजवे होते. हे विचार करून जमत नाही. ते बोटांत मुरावे लागते, आणि एकदा मुरले की वीस-पंचवीस वर्षांनीही पुरते जात नाही, असा परतलेल्यांचा अनुभव. पाठांतराचे श्लोक आठवतात तसे ते आठवते : मधलाच चरण हरवलेला असतो, पण चाल सापडली की तोही येतो.

भारतात त्या काळी आयात-निर्बंधांमुळे या मोटारी जवळजवळ दुर्मीळच होत्या. आपल्यापैकी बहुतेकांना त्या भेटल्या त्या परदेशी नियतकालिकांच्या गुळगुळीत पानांवर, किंवा आखातातून आलेल्या कुणाच्या नातेवाइकाच्या सामानात. त्यामुळे आपल्याकडे परतण्याचा प्रश्न क्वचितच उद्भवतो, आणि म्हणूनच कदाचित थोड्या अलिप्ततेने त्याकडे पाहता येते.

फेरनिर्मित मोटार ही मूळ मोटार असते का? तामियाच्या नव्या सँड स्कॉर्चरमध्ये जुन्या यांत्रिक वेगनियंत्रकाची जागा इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाने घेतली. नव्या फ्रॉगमध्ये झिजणारे षट्कोनी गतिदंड काढून अधिक टिकाऊ रचना आली. रफ रायडर २००९ मध्ये परतली ती 'बग्गी चँप' या नावाने. संहितेशी व्यवहार करणाऱ्यांना हे ओळखीचे वाटेल. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा तीन शतकांत शिरलेले अपपाठ दूर करणे हा त्यांचा हेतू होता. राजवाड्यांनी १९०९ मध्ये वेगळी, एकनाथपूर्व मानलेली प्रत छापली ती त्याही मागे जाण्याच्या ओढीने. एकाला शुद्ध आणि वापरता येणारी संहिता हवी होती, दुसऱ्याला जुनी. मोटारींच्या जगातही हे दोन पक्ष आहेत. एक पक्ष म्हणतो, झिजणारा गतिदंड हा मूळचा दोषच होता, तो सुधारला तर बिघडले काय? दुसरा पक्ष १९८३ चे न फोडलेले खोके शोधतो आणि त्याला तो झिजणारा गतिदंडच हवा असतो. जुन्या मोटारींच्या ज्या स्वतंत्र शर्यती इंग्लंड-अमेरिकेत भरतात, त्यांत फेरनिर्मित मोटारीला प्रवेश द्यावा की नाही, हा वाद म्हणूनच वाटतो तितका पोरकट नाही.

स्वेतलाना बॉयम यांनी २००१ मधील आपल्या ग्रंथात गतकातरतेचे दोन प्रकार मानले आहेत. एक पुनःस्थापना करू पाहतो, म्हणजे हरवलेले घर जसेच्या तसे उभारायला निघतो. दुसरा त्या अंतराचेच चिंतन करतो. ही विभागणी देश आणि राजकारण यांच्यासाठी केलेली असली तरी ती इथे उपयोगी पडते. खोके न फोडता काचेच्या कपाटात ठेवणारा संग्राहक पहिल्या प्रकारात जातो. त्याच्या लेखी काळ थांबवता येतो. ओरखडा म्हणजे नुकसान. प्रस्तुत लेखकाला या वृत्तीविषयी फारशी आस्था नाही. ज्या मोटारीचे सारे रूप आपटण्यासाठी आणि उलटण्यासाठी घडवले गेले, ती कधीच न चालवणे म्हणजे पाने न कापलेल्या पुस्तकाचा संग्रह करण्यासारखे आहे.

शर्यतीत उतरणाऱ्याचे तसे नाही. बॉयम यांच्या दुसऱ्या प्रकारातही तो नीट मावत नाही, कारण चिंतनाला त्याला सवड नसते. तो पैसे भरून नाव नोंदवतो, मंचावर चढतो आणि त्याच्या निम्म्या वयाच्या मुलांकडून हरतो. मोटारीत बसवलेला छोटा प्रेषक प्रत्येक फेरीची वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत नोंदवतो. पूर्वी कुणाचा तरी भाऊ किंवा वडील कागदावर रेघा ओढून फेऱ्या मोजत, तेव्हा चुकीला आणि मायेला जागा होती. या छापील आकड्यांत रंजन फारसे नाही. 'ई' गटाच्या अंतिम फेरीत सातवा, दोन फेऱ्यांनी मागे, असे तिथे लिहिलेले असते. पंचवीस वर्षांपूर्वी आपण किती चांगले होतो याविषयीची आठवण त्या कागदापुढे टिकत नाही. तरीही तो पुढच्या रविवारी येतो.

शुन्साकु तामिया १८ जुलै २०२५ रोजी वयाच्या नव्वदाव्या वर्षी निवर्तले. हॉर्नेट आणि ग्रासहॉपर यांच्या फेरनिर्मितीलाही आता वीस वर्षे उलटून गेली आहेत. २००४ मध्ये वडिलांबरोबर बसून नवी हॉर्नेट जोडणारा मुलगा आज तिशीच्या आसपास असेल, आणि तोही मध्यंतरी खेळ सोडून गेला असेल. तो परतेल तेव्हा त्याची 'मूळ' प्रत २००४ ची असेल.

शर्यतीचा एक जुना नियम अजून चालू आहे. आपली फेरी संपली की मोटार बाजूला ठेवायची आणि पुढच्या फेरीसाठी धावपट्टीच्या कडेला उभे राहायचे. कुणाची मोटार उलटली की धावत जाऊन ती सरळ करायची, मग ती आपल्याला नुकतेच हरवणाऱ्याची का असेना. विजेत्यालाही यातून सुटका नाही. चाळिशीतल्या माणसांची तक्रार एवढीच असते की वाकताना पाठ दुखते.