'छपरी' म्हणजे नेमका कोण?

हल्ली कुठल्याही बातमीखालच्या कमेंट उघडा, एक तरी 'छपरी' सापडतोच. मिरवणुकीत नाचणारा छपरी, सायलेन्सर काढून गाडी पळवणारा छपरी, केस सोनेरी करून रील टाकणारा छपरी. २०२४ च्या आयपीएलमध्ये मुंबई इंडियन्सचा कर्णधार बदलला, तर लोकांनी थेट हार्दिक पांड्यालाच छपरी करून टाकलं.

मंडळी, हा शब्द आपल्याकडे मुळात शिवी नव्हताच. छप्पर म्हणजे गवताचं, पाचटाचं नाहीतर पत्र्याचं. भिंतीला टेकवून छोटं उतरतं छप्पर काढलं की झाली छपरी. ओठांवर उतरलेल्या मिशा त्या छपरी मिशा. आणि चार खांबांवर वर छत असलेला तो छपरी पलंग. हा पलंग वाड्यात असायचा बरं का, झोपडीत नव्हे. म्हणजे एकेकाळी 'छपरी' श्रीमंतीची खूणही होती.

मग शिवी कुठून आली? दोन वाटा सांगितल्या जातात. पहिली साधी आहे. ज्याच्या डोक्यावर ना कौलं ना माडी, नुसतं छप्पर, तो छपरी. म्हणजे हलका, फालतू.

दुसरी वाट छप्परबंद समाजाकडे जाते, आणि तिथं जरा थांबायला पाहिजे. मोगल फौजा दक्षिणेत उतरल्या तेव्हा त्यांच्या छावण्यांसाठी छपरं शाकारणारे आमचे पूर्वज, असं हा समाज सांगत आला. नाव पडलं ते कामावरून. इंग्रजांच्या दप्तरात मात्र त्यांची ओळख वेगळीच लिहिली गेली. एम. केनेडी या पोलीस अधिकाऱ्याचं मुंबई इलाख्यातल्या 'गुन्हेगार वर्गां'वरचं १९०८ चं पुस्तक आहे. त्यात छप्परबंद म्हणजे खोटी नाणी पाडणारे, असा अख्ख्या जमातीवर शिक्का आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं असे शिक्के सरकारी केलेच होते. काहींनी खोटे रुपये पाडले असतीलही, पण पाळण्यातल्या पोरानं काय पाडलं होतं?

तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला. स्वातंत्र्य मिळून पाच वर्षं झाल्यावर! आज महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत १४ नावं आहेत, त्यात छप्परबंद आहे. त्याच यादीत भामटा आणि राजपूत भामटा ही नावंही आहेत. आता सांगा, 'भामटा' म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर जात येते की ठग? मराठी शब्दकोशानं ते काम कधीच उरकून टाकलंय. लक्ष्मण गायकवाडांनी आत्मकथेला 'उचल्या' हेच नाव दिलं, १९८८ ला साहित्य अकादमी मिळाली, तेव्हा कुठं शिकल्यासवरल्या वाचकाला कळलं की हे माणसांच्या जमातीचंही नाव आहे.

मला स्वतःला पहिली वाट जास्त पटते. छप्पर, छपरी, छपरी पलंग अशी शब्दाची घडण सरळ दिसते, त्यासाठी जातीपर्यंत जावंच लागतं असं नाही. पण जातीच्या दाखल्यावर 'छप्परबंद' लिहिलेलं पोरगं वर्गात बसलेलं असताना मागच्या बाकावरून 'ए छपरी' आलं, तर त्याला व्युत्पत्ती समजावत कोण बसणार? आणि पहिली वाट धरली तरी हसतोय आपण कोणाला? ज्याचं घर छपराचं, त्यालाच ना?

"आम्ही जात बघून नाही म्हणत हो, वागणं बघून म्हणतो," हे उत्तर मला नेहमी मिळतं. बघा बुवा. जुन्या दुचाकीचा सायलेन्सर काढणारा पोरगा छपरी, आणि वीस लाखांच्या गाडीत रात्री बाराला डीजे लावून चौक अडवणारा? त्याच्या वाढदिवसाचे फ्लेक्स लागतात, त्यावर 'दादा' लिहिलेलं असतं. त्याला छपरी म्हटलेली एक कमेंट मला दाखवा.

आजपासून माझ्या पोस्टखाली 'छपरी' दिसला की कमेंट उडवणार. गाडीच्या आवाजावर बोला, ट्रॅफिकवर बोला, पोलीस काय करतात ते विचारा, सगळं ठेवीन. आणि तुमच्या गावाकडे छपरी, छपराट, छप्पर या शब्दांचा आणखी कुठला अर्थ असेल तर गावाच्या नावासकट लिहा. विशेषतः जुन्या माणसांना विचारून.