डेक्कन कॉलेज: बंद पडलं आणि लहान होऊन परत उघडलं

चाकणहून नाशिक रोडने निघालात की पुढे मंचरजवळ घोड नदीकाठी चांडोली आहे. 1960 च्या सुमारास तिथे उत्खनन झालं आणि तीन हजार वर्षांहून जुनी शेतकऱ्यांची वस्ती सापडली. आपल्या कंपन्यांच्या पट्ट्याच्या इतक्या जवळ! खोदणारी माणसं होती डेक्कन कॉलेजची. डेक्कन म्हणजे जिमखाना नाही हां, हे येरवड्याला.

सुरुवात 1821 ची. पेशव्यांच्या दक्षिणा फंडातून विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. 1864 मध्ये तिचं नाव डेक्कन कॉलेज झालं आणि 1868 मध्ये जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून बांधलेल्या येरवड्याच्या इमारतीत ती गेली. टिळक, आगरकर इथलेच.

1934 मध्ये सरकारने काटकसर म्हणून कॉलेज बंद केलं. पुण्यात बीए शिकवणारी दुसरी कॉलेजं होतीच, त्यामुळे कागदावर हिशेब बरोबर दिसत होता. पण माजी विद्यार्थी गप्प बसले नाहीत. प्रकरण कोर्टात गेलं. मुद्दा साधा होता: देणगी शिक्षणासाठी दिलेली, मग सरकार ती जागा मोकळी कशी करणार?

17 ऑगस्ट 1939 ला कॉलेज परत उघडलं, पण वेगळंच. बीएचे वर्ग नाहीत, फक्त पदव्युत्तर शिक्षण आणि संशोधन. विषय मोजकेच: भाषाशास्त्र, संस्कृत, प्राचीन इतिहास, मराठ्यांचा इतिहास, समाजशास्त्र. माणसंही मोजकीच, पण कोण? सांकलिया, इरावती कर्वे, शेजवलकर, कत्रे! मला तर वाटतं, मोठ्या कॉलेजच्या वेळापत्रकात अडकले असते तर सांकलियांना नदीकाठ पालथे घालायला सवडच मिळाली नसती.

आधी मुंबई विद्यापीठ, 1949 नंतर पुणे विद्यापीठ, अशी दुसऱ्याच्या छत्राखाली या छोट्या संस्थेने कामं केली. अभिमत विद्यापीठाचा दर्जा 1990 मध्ये मिळाला. इनामगावला 1968 पासून पंधरा-एक वर्षं खोदकाम चाललं. आपण दोन आठवड्यांच्या स्प्रिंटला वैतागतो.

आणि संस्कृत शब्दकोश! 1948 ला कत्रेंनी हाती घेतला. प्रत्येक शब्द कुठल्या ग्रंथात, कुठल्या अर्थाने आला, त्याच्या चिठ्ठ्या काढल्या. त्या सुमारे एक कोटी झाल्या. पहिला भाग छापून यायलाच पंचवीसहून जास्त वर्षं गेली. त्यानंतर तीसहून जास्त खंड निघाले आणि काम अजून 'अ' या अक्षरातच आहे.