मस्टरवरचं नाव

गिरणीतून माणूस काढायला एके काळी कागद लागत नसे. जॉबरनं सकाळी दारातच नकाराची मान हलवली की काम गेलं. कामावर घेणारा तोच, काढणाराही तोच. टिकायचं तर त्याची दस्तुरी पोचती करायची. बडतर्फीच्या कायद्याची कथा न्यायालयांपासून सांगण्याची पद्धत आहे. मी ती या जॉबरपासून सांगतो.

१९२८ साली मुंबईच्या सुमारे दीड लाख गिरणी कामगारांनी सहा महिने संप केला. वाद पगाराचा आणि वाढत्या कामाचा होताच, पण मालकसंघानं मांडलेल्या स्थायी आदेशांचाही होता. फॉसेट समितीनं ते तपासले. पुढे १९४६च्या केंद्रीय कायद्यानं असे आदेश मोठ्या कारखान्यांना सक्तीचे केले. त्याखालच्या नमुना आदेशांत कामगाराला आरोप लेखी कळवावा, त्याला बाजू मांडू द्यावी, शिक्षा ठरवताना त्याची आधीची नोकरीही पाहावी, असं आलं. १९७१ साली औद्योगिक विवाद कायद्यात ११-अ कलम घातलं गेलं आणि बडतर्फीची शिक्षा जास्त वाटली तर ती बदलण्याचा अधिकार कामगार न्यायालयाला मिळाला.

हे सगळं मस्टरवर नाव असलेल्यांसाठी. ज्याचं नाव तिथं नाही, त्याला बडतर्फ करावंच लागत नाही. उद्या बोलावलं नाही की झालं! कसलं आरोपपत्र आणि कसली चौकशी?

हाच तो बदली कामगार. जॉबरचा हात आखडावा म्हणून १९३५ साली मुंबईच्या गिरण्यांनी बदली कार्डं सुरू केली. कार्डवाल्यानं रोज सकाळी हजर व्हायचं, जागा रिकामी असेल तर काम. १९५३ साली हा गिरणीतला शब्द थेट केंद्रीय कायद्यात गेला. मला खटकतं ते हे, की तो गेला वगळण्यासाठी. ले-ऑफची भरपाई बदलीला नाही. सलग वर्षभराची नोकरी भरली, तरच तो त्या व्याख्येतून सुटणार. पण वर्ष भरू द्यायचं की नाही, हे कुणाच्या हातात होतं?

महाराष्ट्राच्या १९७१च्या अनुचित कामगार प्रथा कायद्यानं हे ओळखलं. कायमपणाचे हक्क मिळू नयेत म्हणून माणसाला वर्षानुवर्षं बदली ठेवणं, ही त्यानं अनुचित प्रथा ठरवली. तरीही १९८२ साली दत्ता सामंतांच्या संपात पगारवाढीबरोबर बदलींना कायम करण्याची मागणी होतीच.