शिरेबाहेरील गळती आणि तिची ओळख

शिरेतून सलाइन, औषध, रक्त किंवा काँट्रास्ट देताना ते शिरेत न राहता भोवतालच्या ऊतकांत उतरणे, याला शिरेबाहेरील गळती म्हणतात. वॉर्डात यालाच ‘सलाइन आउट झाली’ असे म्हटले जाते. गळलेला द्रव निरुपद्रवी असेल तर वैद्यकात त्याला इन्फिल्ट्रेशन आणि ऊतक जाळणारा असेल तर एक्स्ट्राव्हॅसेशन म्हणतात. साधे ०.९ टक्के सलाइन कातडीखाली गेले, तर हात सुजतो आणि पुढे ते आपोआप शोषले जाते. वृद्ध रुग्णांत शिरा सापडत नसतील तर असा द्रव मुद्दाम कातडीखाली देण्याची पद्धतही आहे. डॉक्सोरुबिसिनसारखे कर्करोगावरचे औषध मात्र अगदी थोडे गळले तरी कातडी, चरबी आणि कधी स्नायुबंधही मरतात. म्हणून ‘सूज आली का’ या प्रश्नाच्या जोडीला ‘आत काय चालले होते’ हा प्रश्न पहिल्या क्षणापासून विचारावा लागतो.

गळतीची कारणे बहुतेक यांत्रिक असतात. सुईचे किंवा कॅन्युलाचे टोक शिरेची मागची भिंत भेदते, हात हलल्यावर ते बाहेर सरकते किंवा चिकटपट्टी सैल होऊन कॅन्युला आतबाहेर होऊ लागते. मनगट आणि कोपराची घडी ही म्हणूनच धोक्याची ठिकाणे आहेत. पुढे शीर अरुंद झालेली किंवा गुठळीने बंद झालेली असेल, तर द्रव कॅन्युलाच्या प्रवेशछिद्रातून मागे झिरपतो. त्याच शिरेत आधी वरच्या बाजूला टोचलेले असेल, तर ते जुने छिद्रही गळते. यासाठी नवी कॅन्युला जुन्या छिद्राच्या वर, हृदयाच्या बाजूला बसवतात. काही औषधे शिरेचे अस्तरच खराब करतात आणि चांगली बसलेली कॅन्युलाही काही तासांनी गळू लागते. अमेरिकेतील रॉचेस्टर येथील मेयो क्लिनिकमध्ये डेव्हिड मासा यांनी १९५० मध्ये सुईवर चढवलेली प्लॅस्टिकची नळी वापरात आणली आणि शिरेत धातूचे टोक ठेवण्याची गरज कमी झाली. तरीही ‘स्कॅल्प व्हेन’ या नावाने ओळखली जाणारी धातूची फुलपाखरी सुई अजून सर्रास वापरली जाते. तिने दाहक औषध देणे टाळावे.

ओळख सुरू होते ती डोळ्यांनी आणि बोटांनी. जागा फुगते, कातडी ताणून चकाकते आणि फिकट पडते. खोलीच्या तापमानाचा द्रव शरीरापेक्षा थंड असल्याने स्पर्शाला गारवा लागतो. थेंबांची गती मंदावते, कॅन्युलाच्या कडेने पाणी येते, रुग्ण ताण, चुरचुर किंवा आग होत असल्याचे सांगतो. दुसऱ्या हाताशी तुलना केल्याशिवाय सुरुवातीची सूज कळत नाही, म्हणून दोन्ही हात शेजारी ठेवून पाहावेत. दागिने, घड्याळ, बाहीचा घट्ट काठ आधीच काढलेला बरा.

रुग्णाची तक्रार हे सर्वांत लवकर मिळणारे आणि सर्वांत जास्त दुर्लक्षिले जाणारे चिन्ह आहे. ‘औषध कडक आहे, थोडे जळजळणारच’ असे सांगून ठिबक चालू ठेवण्याची सवय घातक ठरते. व्हिन्क्रिस्टीन, डॉक्सोरुबिसिन, फेनिटॉइन, कॅल्शियम, पोटॅशियम, नॉरॲड्रेनलिन किंवा २५ ते ५० टक्के डेक्स्ट्रोज चालू असताना आग होते म्हटले, की आधी थांबवायचे आणि मग तपासायचे, हाच क्रम योग्य आहे. काही औषधे शिरेत नीट जात असतानाही झोंबतात हे खरे. पण ते तपासल्यानंतर ठरवायचे असते.

कॅन्युलातून रक्त मागे येते का, ही सर्वांना ठाऊक असलेली चाचणी. बाटली हाताच्या पातळीखाली नेली किंवा सिरिंजने हलके ओढले की नळीत लाल रेघ दिसते, आणि बहुतेकांचे समाधान होते. या चाचणीवर तेवढाच विश्वास ठेवणे चुकीचे आहे. टोक शिरेत असूनही मागची भिंत भेदलेली असेल, किंवा गळती वरच्या जुन्या छिद्रातून होत असेल, तर रक्त येते आणि औषधही बाहेर जाते. उलट, बारीक शिरेत ओढताना भिंती चिकटल्या तर सर्व ठीक असूनही रक्त येत नाही. म्हणून रक्त आले यावर न थांबता थोडे सलाइन हळूहळू सोडून, त्याच वेळी कॅन्युलाच्या टोकावर बोट ठेवून फुगवटा जाणवतो का ते पाहतात. आणखी एक जुनी, बिनखर्ची परीक्षा आहे. टोकापासून काही अंतर वर शीर बोटाने दाबावी. द्रव शिरेत जात असेल तर ठिबक थांबते किंवा बरीच मंदावते. दाबूनही थेंब पूर्वीसारखेच पडत राहिले, तर द्रवाला दुसरी वाट सापडलेली आहे.

इन्फ्युजन पंपाबद्दलचा गैरसमज इथे स्पष्ट करणे गरजेचे आहे. पंप वाजला नाही म्हणजे गळती नाही, असे अनेक नातेवाइकांना आणि काही कर्मचाऱ्यांनाही वाटते. पंपाची सूचना नळीतील दाब ठरलेल्या मर्यादेपुढे गेल्यावर वाजते आणि अनेक पंपांत ही मर्यादा काहीशे मिलिमीटर पारा इतकी असते. कातडीखालची सैल ऊतके मात्र फुगत जाऊन द्रवाला जागा करून देतात, त्यामुळे दाब त्या मर्यादेच्या आसपासही जात नाही. गुरुत्वाने चालणारी ठिबक ऊतकांत दाब वाढला की निदान मंदावते. पंप ठरलेला वेग सोडत नाही. ताशी २ मिलिलिटरने चालणाऱ्या सिरिंज पंपाने सहा तासांत १२ मिलिलिटर द्रव नवजात बाळाच्या पावलात साठू शकतो, आणि एवढ्याशा पावलासाठी ते फार झाले.

नवजात बाळे, भूल दिलेले, बेशुद्ध किंवा अर्धांगाने संवेदना गेलेले रुग्ण दुखते असे सांगू शकत नाहीत. मधुमेहात हातापायांच्या नसा बधिर झाल्या असतील तर शुद्धीतल्या रुग्णालाही कळत नाही. बाळाचा हात लाकडी किंवा पुठ्ठ्याच्या फळीवर ठेवून कापडी पट्टीने बोटांपासून कोपरापर्यंत गुंडाळला, की कॅन्युला पक्की बसते पण पाहण्यासारखे काहीच उघडे राहत नाही. कॅन्युलाचे टोक आणि बोटे दिसतील असे पारदर्शक ड्रेसिंग हीच खरी सोय. शुद्धीवर असलेल्या प्रौढात निदान दर चार तासांनी, अत्यवस्थ किंवा गुंगीतल्या रुग्णात दर एक-दोन तासांनी, बालकांत दर तासाला आणि दाहक औषध चालू असताना याहून वारंवार जागा पाहावी, असा सर्वसाधारण दंडक आहे.

गळतीसारख्या दिसणाऱ्या दोन गोष्टी वेगळ्या ओळखाव्या लागतात. शिरेचा दाह झाला तर लाली, ऊब आणि दुखरी दोरी शिरेच्या मार्गाने जाते. गळतीत सूज टोकाभोवती पसरते आणि सुरुवातीला कातडी बहुधा गार व फिकट असते. डॉक्सोरुबिसिन देताना कधी शिरेच्या बाजूने खाजरी लाल रेघ उठते, पण सूज नसते, रक्त मागे येते आणि रेघ थोड्या वेळात विरते.

तीव्रता नोंदवण्यासाठी ० ते ४ अशी श्रेणी प्रचलित आहे. सूज २.५ सेंटीमीटरपेक्षा कमी असेल तर पहिली, १५ सेंटीमीटरपर्यंत दुसरी आणि त्यापुढे तिसरी. ताठरलेली, रंग बदललेली, पाझरणारी कातडी किंवा रक्ताभिसरणात अडथळा ही चौथी. रक्त किंवा दाहक औषध कितीही थोडे गळले तरी ते थेट चौथ्या श्रेणीत जाते.

सीटी स्कॅनमध्ये प्रश्न वेगाचा असतो. यंत्र सेकंदाला ४ मिलिलिटरने काँट्रास्ट सोडत असेल, तर १०० मिलिलिटर २५ सेकंदांत जातो आणि किरणांमुळे तंत्रज्ञ दुसऱ्या खोलीत असतो. म्हणून आधी त्याच वेगाने सलाइन सोडून पाहणे, पहिले काही सेकंद शक्य असेल तर हातावर बोट ठेवून उभे राहणे आणि दुखल्यास लगेच ओरडा असे रुग्णाला सांगून ठेवणे, या तीन गोष्टी फार उपयोगी पडतात. अशी बहुतेक गळती कायमची इजा न करता ओसरते. क्वचित स्नायूंच्या कप्प्यात दाब वाढून शस्त्रक्रिया करावी लागते. वाढती वेदना, बोटांना मुंग्या किंवा बधिरपणा ही त्याची चिन्हे आहेत.

अणुवैद्यकातील गळतीकडे लक्ष उशिरा गेले. पेट स्कॅनसाठीचे किरणोत्सारी एफडीजी काही अंशी हातातच अडकले, तर गाठीपर्यंत कमी पोहोचते आणि गाठ प्रत्यक्षापेक्षा कमी सक्रिय दिसते. उपचार लागू पडत आहे की नाही हे गाठीच्या सक्रियतेच्या आकड्यावर ठरत असेल तर निष्कर्षच बदलतो. गळलेले द्रव्य लसिकावाहिन्यांतून काखेतील गाठीत जाऊन तिथे आजार असल्याचा भासही निर्माण करते. हात डोक्यावर घेतल्याने टोचलेली जागा अनेकदा चित्रात येतच नाही. अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाने १९८० मध्ये अशा गळतीला नोंदणीयोग्य दुर्घटनांतून वगळले आणि तो निर्णय पुढे वादाचा झाला. दोन्ही दंडांवर संवेदक लावून दोन हातांतील किरणोत्साराचा काळानुसार आलेख ताडून पाहणे, हा यावरचा एक उपाय आहे.

इतर उपकरणेही विकसित झाली आहेत. जवळच्या अवरक्त प्रकाशाचा ऊतकांतून परतणारा अंश द्रव साठल्यावर बदलतो. कातडीचा विद्युतरोधही बदलतो. सोनोग्राफीत टोक कुठे आहे आणि सलाइन शिरेत जाते की बाहेर, हे थेट दिसते. यांपैकी सोनोग्राफी सर्वांत पटणारी, पण ती तपासणीच्या क्षणापुरती असते.

गळती ओळखताच द्रव थांबवतात, कॅन्युला लगेच न काढता तिच्यातून शक्य तेवढा द्रव मागे ओढतात, सुजेची कड पेनाने आखतात आणि हात उंच ठेवतात. सलाइन सोडून ‘साफ’ करणे किंवा चोळणे टाळायचे, कारण त्याने औषध पसरते. डॉक्सोरुबिसिनला थंड शेक आणि सहा तासांच्या आत शिरेतून डेक्सराझोक्सेन. व्हिन्क्रिस्टीनला मात्र कोमट शेक आणि हायलुरोनिडेस. नॉरॲड्रेनलिनला बारा तासांच्या आत फेन्टोलामिन. व्हिन्क्रिस्टीनवर बर्फ ठेवला तर नुकसान वाढते. डॉक्सोरुबिसिन मेलेल्या पेशींतून सुटून शेजारच्या पेशींत शिरते, त्यामुळे पहिल्या दिवशी किरकोळ दिसणारी जखम पुढे आठवडेच्या आठवडे खोल आणि रुंद होत जाते. अशा रुग्णाला सूज उतरली म्हणून सोडून न देता अनेक आठवडे तपासणीला बोलवावे लागते.