हवा-इंधन गुणोत्तर मापकाचे अंशांकन : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

एक भाग पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. या स्थितीस 'लॅम्डा १' म्हणतात. वाल्थर नेर्न्स्ट यांच्या १८८९ च्या समीकरणावर आधारलेला बॉश कंपनीचा झिर्कोनिया संवेदक १९७६ मध्ये व्होल्वो मोटारींत प्रथम बसविला गेला. बाहेरील हवा आणि धूर यांतील ऑक्सिजनच्या तफावतीतून त्यात विद्युतदाब निर्माण होतो. तो लॅम्डा १ पाशीच एकाएकी बदलत असल्याने मिश्रणात इंधन अधिक की हवा, एवढेच कळत असे. प्रदूषण-नियंत्रणास ते पुरेसे होते.

वेगवान मोटारींना मात्र पूर्ण भाराखाली अधिक इंधनाचे मिश्रण लागते; ते कमी पडल्यास पिस्टन वितळण्याचा धोका असतो. १९९० च्या दशकात प्रसार पावलेल्या विस्तृत पल्ल्याच्या संवेदकाने ही गरज भागविली. अनेक मापकांचे अंशांकन हा संवेदक मोकळ्या हवेत तापवून केले जाते; हवेतील सुमारे २०.९ टक्के ऑक्सिजन हाच तेथे प्रमाणबिंदू ठरतो.

तथापि, तबकडीवरील गुणोत्तर हे प्रत्यक्ष मापन नसून सामान्यतः लॅम्डास १४.७ ने गुणून काढलेला आकडा असतो. भारतात २०२५ मध्ये पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांवर पोहोचले. अशा इंधनाच्या पूर्ण ज्वलनास सुमारे १३.५ भाग हवा पुरते. मापक मात्र १४.७ च दाखवितो. म्हणून अचूक अंशांकनानंतरही गुणोत्तराऐवजी लॅम्डाच प्रमाण मानणे युक्त ठरते.